नेमूअण्णा काचवाले

मोटारीचं इंजिन उघडणारे मिस्त्री त्या काळी सांगलीत चार-पाच तरी होते. मोटारीचं दार उघडणारे नेमूअण्णा एकटेच. दार उघडायला मिस्त्री कशाला लागतो, असं मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. पण अण्णा दार उघडायचे म्हणजे दाराचा आतला पुठ्ठा स्क्रू काढून उतरवायचे, पोकळीत हात घालायचे आणि पन्हळीतून सुटून तळाला पडलेली काच परत पन्हळीत बसवून द्यायचे. एवढंच काम. इंजिनाला ते बोटसुद्धा लावत नसत. कुणी म्हटलं, "अण्णा, आलाच आहात तर जरा मशीन बघा की," तर हात मागं घ्यायचे. "ती आग हाय. माझं काम काचंचं."

मी मूळचा साताऱ्याचा. एका मोटर कंपनीत बुकिंग कारकून होतो. दुसऱ्या महायुद्धाची लढाई ऐन भरात असताना माझी बदली सांगलीच्या स्टँडवर झाली. तिथं सगळे मला 'मास्तर' म्हणायचे, ते आजतागायत कानाला गोड लागतं. बुकिंगच्या खोलीमागंच अण्णांची पत्र्याची शेड होती. खिडकीतून तिकिटं द्यायची आणि गर्दी ओसरली की मागच्या दारातून अण्णांकडे बघत बसायचं, हा माझा दिवसाचा क्रम. कंपनीनं मला बघण्याचा पगार दिला असता तर मी बढतीला पात्र ठरलो असतो.

अण्णा पन्नाशीचे, किरकोळ अंगाचे. धोतर, काळी टोपी, अंगात बंडी. बाकीचे मिस्त्री कोपरापर्यंत तेलानं माखलेले असायचे. अण्णांची नखं एखाद्या वैद्याला शोभतील इतकी स्वच्छ. नखात खडा राहिला तर काचेवर ओरखडा उठतो, म्हणून ते काम सुरू करण्याआधी हात धुवायचे, आणि तेही गाळलेल्या पाण्यानं. जैनाचं घर. दिवस मावळायच्या आत जेवायचे आणि त्याच्याही आधी शेड बंद करायचे. मालक लोक आरडाओरडा करायचे, कंदील धरतो म्हणायचे. अण्णा म्हणायचे, "दिव्यावर किडं येत्यात, मरत्यात. तुमच्या काचंपायी त्येंनी कशाला मरायचं? उद्या या."

दार उघडण्याआधी ते बोटाच्या पेराने तीनदा टकटक करायचे आणि थांबायचे. मी एकदा विचारलं, "अण्णा, आतून कोण उत्तर देतं?"

"उत्तर न्हाई देत. पर मुंग्या हायती, पाल हाय, कोळी हाय. त्येंना सरकाया वेळ नको?"

मी हसलो होतो. स्टँडवर सगळेच हसायचे. 'अण्णा, पाल घरी नाही, नंतर या,' असं ड्रायव्हर लोक ओरडायचे. अण्णांना राग यायचा नाही. ते आपले काचेशी बोलत असायचे. काच अडली की बाकीचे मिस्त्री बुक्की मारायचे. अण्णा काचेला दोन तळव्यांत धरून नुसते उभे राहायचे. कुठं अडते ते हाताला कळेपर्यंत. "काचंला ढकलायचं न्हाई, मास्तर. वाट दावायची."

एकदा साताऱ्याला एका बड्या साहेबाच्या गाडीची काच निम्म्यावर अडकली. साताऱ्यात कुणाला जमेना, म्हणून कंपनीनं अण्णांना धाडलं. मलाही घरी एक चक्कर टाकून यायची होती, तर बरोबर गेलो. बंगल्यावर पोचलो, टकटक झाली, पुठ्ठा निघाला. आत नेमक्या पन्हळीच्या तोंडावर कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. काच त्याला आदळून तिरपी झाली होती. साहेबाच्या पट्टेवाल्यानं स्क्रू-ड्रायव्हर उचलला. अण्णांनी त्याचा हात धरला. "आत पिल्लं हायती तिची."

मग त्यांनी दोरा मागवला, ओला केला, आणि मातीच्या घराच्या बुडाशी धरून इकडून तिकडं, तिकडून इकडं असा ओढत बसले. सकाळ गेली, दुपार आली. साहेबाला कुठं तरी फिरतीवर जायचं होतं. तो बाहेर आला आणि इंग्रजीत बराच वेळ काहीबाही बोलला. अण्णांनी मान वर न करता मला विचारलं, "काय म्हनत्यात?"

"लवकर करा म्हणतात."

"एवढंच म्हनाया एवढा वेळ लागतोय व्हय इंग्रजीत?"

ते घर अख्खंच्या अख्खं सुटलं. अण्णांनी ते ओंजळीत नेऊन बंगल्याच्या कुंपणातल्या एका भोकात बसवलं आणि मग काचेला हात लावला. साहेब तोवर दुसऱ्या गाडीनं निघून गेला होता. परतीच्या वाटेवर अण्णा फार खुशीत होते. वाठारपर्यंत गुणगुणत होते.

त्यांना गर्व म्हणावा असा एकाच गोष्टीचा होता. काच बसवून झाली की ते गाडीत बसायचे, चारी काचा वर चढवायचे आणि एक उदबत्ती पेटवायचे. बाहेर कुणाला तरी पुठ्ठ्यानं वारा घालायला लावायचे. मग ती उदबत्ती काचेच्या कडेकडेनं फिरवायचे. धूर जिथं वाकेल तिथं फट. मग पुन्हा दार उघडून पन्हळीत नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी भरायची, पुन्हा उदबत्ती. असं तीनदा, चारदा. "धूर सरळ गेला पायजे," म्हणायचे. तो सरळ गेला की गाडीतून उतरायचे ते देवळाच्या पायऱ्या उतरल्यासारखे. मला त्यांनी एकदा आत बसवून तो धूर दाखवला होता. खरोखर, ओळंब्याला लावावा इतका सरळ.

हे सगळं मी रंगवून सांगतोय, कारण पुढचं सांगायला मला आजही जड जातं.

लढाईमुळं पेट्रोल कुपनावर आलं होतं आणि कुपनं पुरत नव्हती. म्हणून मोटारींच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या लागल्या. लोखंडी पिंपासारखी भट्टी, तिच्यात लोणारी कोळसा पेटवायचा, त्याचा गॅस नळीनं इंजिनात न्यायचा. चढाला गाडी धापा टाकायची, दर दहा-पंधरा मैलांवर थांबून राख काढावी लागायची, कोळसा भरावा लागायचा, हाताच्या पंख्यानं भट्टी फुलवावी लागायची. ड्रायव्हर लोक दिवसाच्या शेवटी लोणाऱ्यासारखे काळे होऊन यायचे. भट्टीचे बोल्ट बसवण्यासाठी मागच्या सीटखालच्या पत्र्याला भोकं पाडलेली असायची. अण्णा भट्टीकडं ढुंकूनही बघत नसत. ती आग होती.

थंडीचे दिवस होते. मिरजेच्या एका दवाखान्यात आटपाडीकडची एक पोर बाळंत झाली होती. अडलेली होती, म्हणून इतक्या लांब आणलेली. तिचा नवरा पलटणीत, लढाईवर. बरोबर सासू एकटी. दहाव्या दिवशी घरी न्यायला परवानगी मिळाली आणि ती म्हातारी आमच्या स्टँडवर आली. दादू ड्रायव्हरची भाड्याची गाडी ठरली. म्हातारीनं गाडीभोवती एक फेरी घातली आणि मागच्या दारापाशी थांबली.

"हितली काच कुटं गेली?"

"पडलीया आत," दादू म्हणाला. "पोतं बांदतो की."

"पोतं?" म्हातारी खालीच बसली. "आरं, धा दिसाची वली बाळंतीण हाय माजी. माळाचं वारं लागलं तर? माजी थोरली सून वाऱ्यानंच गेली. तिसऱ्या दिशी आंग तापलं आन गेली. ह्या बारीला म्या वाऱ्याला आत यिऊ द्यायची न्हाई. ल्योक यीस्तवर दोगं संबाळायची हायती मला."

हे अण्णांनी शेडमधून ऐकलं. बाहेर आले, हात पुसत. "आक्का, उद्या दुपारी न्या तुमच्या सुनंला. काच मी बसवतो."

मी त्यांना इतकं जीव ओतून काम करताना पाहिलं नव्हतं. पडलेली काच बसवलीच, पण बाकीच्या तिन्ही दारांचे पुठ्ठे काढून त्यांतही नवा नमदा भरला. दाराच्या कडेला कापडी गोट चिकटवला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उदबत्तीचा अख्खा पुडा संपला. म्हातारी समोर उकिडवी बसून बघत होती. शेवटी अण्णांनी तिला आत बसवलं आणि धूर दाखवला. "बगा आक्का. सुईच्या टोकाएवडंबी वारं न्हाई."

म्हातारीनं उतरून दोन्ही हात त्यांच्या तोंडावरून फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "तुजं कल्याण हुईल बाबा."

अण्णा लाजले. पन्नाशीचा माणूस, टोपी नीट करत मान खाली घालून उभा राहिला.

मिरजेहून चारी बाजूंनी पडदे बांधलेल्या टांग्यानं बाळंतीण आली. हिरा तिचं नाव. डोक्याला, कानांना फडकं बांधलेलं, अंगावर घोंगडं, आणि घोंगड्यात कुठं तरी मूल. वय असेल अठरा-एकोणीस. गाडीत बसली, दार लागलं. मी ट्रिपचा कागद दादूला द्यायला गेलो तेव्हा ती सासूला म्हणत होती, "आत्ती, यवडीशी काच खाली करू द्या की. दवाखान्यात धा दीस भिंतच बगितलीया. रानं बगायचीत मला."

"घरी गेल्यावर बग. तीच रानं हायती."

अण्णा तिथंच होते. त्यांनी खांद्यावरचा पंचा घेऊन बाहेरून काच पुसली. "बंद काचंतनंबी दिसतंय, लेकी. बग."

ती हसली, काचेपलीकडून. गाडी धूर टाकत गेली. मी परत खिडकीत येऊन बसलो आणि तासगावची तिकिटं फाडायला लागलो.

दादू दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला. गाडी लावली आणि माझ्या खिडकीशी उभा राहिला. तिकिटाला उभी असलेली माणसं त्याचं तोंड बघून आपोआप बाजूला झाली.

"मास्तर, ती पोरगी गेली. ल्येकरूबी."

घडलं होतं ते असं. खानापूरच्या पुढं माळावर कोळसा भरायला गाडी थांबली. बाजूला बिरोबाचं देऊळ. दादूनं राख काढली, कोळसा भरला, भट्टी फुलवली. हिरा म्हणाली, डोकं दुखतंय, झोप येते. म्हातारी म्हणाली, झोप, मी बाळाला अंगारा घेऊन येते. ती उतरली. देवळात पुजारी नव्हता. वाडीवर गेला होता. त्याला बोलावणं गेलं. तो आला, अंगारा मिळाला, यात तास गेला. दादू बाहेर झाडाखाली बसून बिडी ओढत होता. गाडी उभी, भट्टी धुमसत, काचा बंद. म्हातारी आली तेव्हा हिरा गाढ झोपलेली. मूलही. गाल तर असे लाल की म्हातारीनं दादूला दाखवले, "बग, दवाखान्याच्या औशिदानं कसं त्येज आलंय." तिनं मूल हळूच मांडीवर घेतलं आणि गाडी निघाली. आटपाडीपर्यंत ती दोघांना झोपू देत बसली. घरापुढं गाडी थांबल्यावर तिनं सुनेला हाक मारली.

"वारं लागलं म्हनत्यात," दादू म्हणाला. "म्हातारीनं उतराया दार उघडलं ना, तवा आत शिरलं. ती कपाळ आपटून घेतीया. म्या दार उघडलं, म्या मारलं म्हनतीया."

अण्णा माझ्या मागच्या दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. शेडमध्ये गेले आणि त्या दिवशी ऊन असतानाच शेड बंद झाली.

चार दिवसांनी ते माझ्या खोलीत आले. ते कधी आत येत नसत. स्टुलावर बसले. मग म्हणाले, "मास्तर, आईला आन ल्येकराला एकाच वक्ताला वारं लागतंय व्हय? आन वाऱ्यानं मेलेल्याला ताप न्हाई यायचा? गाल लाल कशानं झालं?"

माझ्या पाठीमागं भिंतीवर कंपनीचं एक परिपत्रक खिळ्याला टोचलेलं होतं. दोन महिन्यांपूर्वी मीच टोचलं होतं. इंग्रजीत होतं. ड्रायव्हरांना वाचून समजावून सांगावं, असं वर लिहिलं होतं. सांगीन म्हणत होतो. राहून गेलं होतं. दादू येऊन गेला त्याच दिवशी मला त्याची आठवण झाली होती आणि चार दिवस मी त्या भिंतीकडं पाठ करून बसलो होतो.

मी तो कागद काढला आणि मराठीत वाचला. कोळशाच्या भट्टीतून जो गॅस निघतो तो विषारी असतो. त्याला वास नसतो. भट्टी पेटलेली असताना उभ्या गाडीत काचा बंद करून कुणालाही बसू देऊ नये.

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"सीटखालनं आला आसंल," अण्णा म्हणाले. "बोल्टाच्या भोकातनं. मी तितं बगितलंच न्हाई. मी काचाच बगितल्या." मग त्यांनी विचारलं, "एक फट आसती तर?"

मी खोटं बोलू शकलो असतो. पण मला तेव्हा माझ्या स्वतःच्या मानेवरचं ओझं कुणाच्या तरी मानेवर हवं होतं, हे आज मला स्वच्छ दिसतं. मी म्हणालो, "एक फट असती तर बहुतेक वाचली असती दोघं."

अण्णांनी मान हलवली, एखाद्या गिऱ्हाइकानं माप सांगितल्यावर हलवावी तशी. कागद भिंतीवर किती दिवस होता, ते त्यांनी मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मला फार बरं वाटलं असतं.

मी त्या दिवसापासून प्रत्येक ड्रायव्हरला तो कागद वाचून दाखवायला लागलो. नको तितका, नको तेव्हा. लोक मला टाळू लागले.

अण्णांनीही एक सुरू केलं. जी गाडी शेडमध्ये येईल तिच्या पन्हळीच्या वरच्या टोकाला ते लाकडाची एक पाचर ठोकायचे. काच वर चढवली तरी वर दोन बोटं फट राहायचीच. मालकाला सांगायचे नाहीत. पावसाळ्यात तक्रारी आल्या. हळदीच्या एका व्यापाऱ्याची शेरवानी भिजली. तो येऊन अण्णांच्या अंगावर धावला. "काचा नीट करायला दिल्या होत्या, का मुद्दाम बिघडवायला?"

"बिगडवायलाच," अण्णा म्हणाले.

त्यानं गाडी दुसरीकडं नेली. मग दुसऱ्यानं नेली. 'अण्णा आता कामातून गेले,' असं स्टँडवर बोलायला लागले. कुणी हसत मात्र नव्हतं. अण्णा अजूनही तीनदा टकटक करून थांबायचे, मुंग्यांना वाट द्यायचे, आणि मग दार न उघडता तसेच उभे राहायचे. मी कामाला लागायचो, तास गेला तरी ते तिथंच. या माणसानं आयुष्यात पाखरू मारलं नव्हतं. त्याला काय शिक्षा द्यायची ते देवाला नीट ठाऊक असावं, असं मला त्या वर्षी वाटायचं आणि देवाचा फार राग यायचा.

दिवाळीनंतर दादूला आटपाडीचं भाडं मिळालं. परत आला तो सांगत आला, म्हातारी अजून उंबऱ्यात बसून असते. भाकरी पुढं ठेवली तर खाते, नाही तर नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून एकच सांगते, दार म्या उघडलं. शेजारणी आता तिच्या दारावरून जात नाहीत.

अण्णा त्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडं आले. "मास्तर, उद्या रजा काडा. आटपाडीला जायाचं."

"कशाला?"

"आक्काला सांगाया. दार उघडलं म्हनून न्हाई गेली. काच म्या बंद केली म्हनून गेली. तिच्या डोक्यावरचं काडून घ्यायचं." मग म्हणाले, "त्यो कागद घ्या संगं. म्या सांगितलं तर समजूत घालतोय म्हनंल. कागद हाय म्हटल्यावर पटंल."

मी नको म्हणालो नाही. मला वाटलं, खरंच बरं होईल. निदान एक जीव तरी या सगळ्यातून सुटेल. त्या रात्री मला झोपही लागली.

आटपाडीला उतरून आम्ही गावाच्या कडेला गेलो. दोन खणांचं घर, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, कडेला एक शेळी. म्हातारी उंबऱ्यात होती. निम्मी झाली होती. तिनं अण्णांना लगेच ओळखलं.

"काचंवाला न्हवं तू?"

"व्हय आक्का."

"तुजं काम चोख हुतं बाबा. तुजा काई दोस न्हाई. दार म्या उघडलं."

अण्णा तिच्यापुढं अंगणातच बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आणि सगळं सांगितलं. भट्टी, बोल्टाची भोकं, नमदा, बंद काचा. त्यांना मी एका दमात इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मग मला खूण केली. मी कागद वाचला, सावकाश, एकेक शब्द मराठी करून. म्हातारी ओठ हलवत ऐकत होती.

"कोळशाची हवा मानूस मारती?"

"मारती आक्का."

"वासबी न्हाई आला मला."

"त्येला वास नसतो."

तिनं शेळीकडं पाहिलं. "म्हंजी वारं न्हवंच ते."

"न्हवं."

"म्या दार उघडलं त्यानं न्हाई गेली ती."

"न्हाई आक्का. आजाबात न्हाई. दार उघडलं त्यानं उलट..." अण्णा बोलता बोलता थांबले.

त्यांच्या तोंडावर इतक्या महिन्यांत पहिल्यांदा थोडं माणूसपण आलेलं मी बघत होतो, आणि ते तिथल्या तिथं उतरलेलंही बघितलं. म्हातारीनं मान वर केली होती.

"उलट काय?"

अण्णांनी गुडघ्यावरची टोपी उचलून हातात घेतली.

"उतरल्यावर म्या दार लावलं," ती म्हणाली. "वारं शिरंल म्हनून पटकन लावलं. लागलंय का न्हाई म्हनून दोनदा वडून बगितलं. ती आतनं म्हनत हुती, ऱ्हाऊ द्या की आत्ती उगडं. म्या लावलं." तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारातला भाव विचारावा तसा. "म्या दार उगडं ठेवलं आसतं तर?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग तिच्याकडं वळले.

"तरीबी गेलीच आसती आक्का. दार उगडं आसतं तरीबी."

म्हातारीनं माझ्याकडं हात केला. "मास्तर, कागदात तसं हाय?"

मी कागद डोळ्यांपुढं धरला. तीन ओळी होत्या. मी त्या वाचल्यासारखं केलं. "होय, आजी. तसंच आहे."

तिनं आम्हा दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. तिला आमचा राग आलेला नव्हता. तसा आला असता तर आम्ही दोघं सुटलो असतो.

"मंग काचंचं काय न्हाई, दाराचंबी काय न्हाई," ती अण्णांना म्हणाली. "मंग तू यवड्या लांब काय सांगाया आलास बाबा?"

मी म्हणालो, "चला अण्णा, गाडीची वेळ झाली." ते उठले, पण जागचे हलले नाहीत. मी एकटाच रस्त्याला लागलो, म्हटलं, येतील मागून.

वळणावर मी मागं बघितलं. म्हातारी उंबऱ्यातून उठून बाहेर आली होती. आमच्याकडं तिची पाठ होती. तिनं आपल्या घराचं दार ओढून लावलं, कडी धरून दोनदा हिसडून बघितलं, मग ते सताड उघडलं आणि बाजूला सरून आत बघत उभी राहिली. मग परत लावलं. परत उघडलं. अण्णा अंगणात टोपी हातात धरून उभे होते आणि ते बघत होते. मी त्यांना दोनदा हाक मारली. त्यांनी ती ऐकली असावी, पण ते आले नाहीत.